गोळ्या डबीत भरू नका म्हणतो ते का: अमॉर्फस औषधांची गोष्ट

पावसाळा लागला की आमच्या मालवणात औषधाच्या दुकानात गजकर्ण-नायट्याचं औषध नुसतं पळत असतं. कपडे वाळत नाहीत, आंबट वासाचे अर्धे ओले कपडेच लोक अंगात घालतात, मग जांघेत खाज, काखेत खाज, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर इट्राकोनॅझोल. परवा एक काकी आल्या, हातात रुमाल, रुमालात उघडलेली कॅप्सूल. "अरे झिला, ह्या कॅप्सुलीत औषध खंय आसा? नुसतो साबुदाणो दिसता!"

आता काकींचं चुकलं नव्हतं. त्या कॅप्सुलीत पावडर नसतेच, बारीक बारीक गोल दाणे असतात. मी म्हटलं काकी, तोच साबुदाणा औषध आहे, आणि कॅप्सूल उघडू नका, अख्खी गिळा, जेवणावर घ्या. पण त्या गेल्यावर वाटलं की हा साबुदाणा नक्की काय आहे हे एकदा नीट लिहून काढावं, कारण माझ्या एम.फार्मच्या प्रोजेक्टचा विषय साधारण हाच होता आणि त्यात मी सपाटून मार खाल्लेला आहे, तेही पुढे येईलच.

तर त्या एकेका दाण्याच्या आत साखरेचा गोल कण असतो आणि त्याच्यावर औषध आणि एचपीएमसी नावाचं पॉलिमर (लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा पदार्थ) एकत्र विरघळवून फवारलेलं, वाळवलेलं पातळ आवरण. सगळं औषध त्या आवरणात. एवढा खटाटोप कशाला, सरळ पावडर भरायची ना! तर इट्राकोनॅझोल पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. एक लिटर साध्या पाण्यात जेमतेम एक मायक्रोग्रॅमच्या आसपास. कॅप्सूल असते १०० मिलिग्रॅमची, म्हणजे हिशेब करा, एक कॅप्सूल पूर्ण विरघळवायला एक लाख लिटर पाणी लागेल, मे महिन्यात वाडीत येतात तसले दहा हजार लिटरचे दहा टँकर. पोटात आम्ल असतं म्हणून तिथे परिस्थिती बरीच बरी असते (म्हणूनच जेवणावर घ्यायची, आणि अॅसिडिटीची गोळी सोबत घेतली तर हिचा असर कमी होतो, हे लक्षात ठेवा), पण तरी पोटात काही टँकर मावत नाही. जे विरघळलंच नाही ते रक्तात जात नाही, आलं तसं खालून निघून जातं.

मग औषधवाल्यांनी एक युक्ती काढली. औषध तेच, फक्त त्याचे रेणू रचायचे वेगळे, म्हणजे खरं तर रचायचेच नाहीत.

आपल्याकडे कुंपणाला गडगा घालतात ना, दगडावर दगड नीट बसवून, मध्ये माती-चुना काही नाही तरी वर्षानुवर्षं हलत नाही. स्फटिक म्हणजे तो गडगा. प्रत्येक रेणू ठरलेल्या जागी, शेजाऱ्याला घट्ट धरून. त्यातून एक दगड ओढून काढायला जोर लागतो, आणि पाण्यात विरघळणं म्हणजे पाण्याने एकेक रेणू असा ओढून नेणं. आता तेच दगड टेम्पोतून ओतलेले असतील तर? ढीग. ढिगातला दगड कुणीही उचलून नेईल. रेणूंच्या या ढिगाला म्हणतात अमॉर्फस, अस्फटिक. घन तर आहे, हाताला कडक लागतं, पण आत रचना नाही. काच अशीच असते, म्हणून आमच्यात सरळ 'ग्लास' म्हणतात.

फक्त गडग्याचं उदाहरण एका ठिकाणी तोकडं पडतं. दगडांचा ढीग शंभर वर्षांनीही ढीगच राहतो, आपणहून उठून गडगा होत नाही. रेणूंचा ढीग होतो! त्या ढिगात जास्तीची ऊर्जा साठलेली असते, म्हणून तर तो लवकर विरघळतो, आणि त्याच कारणाने त्याला कधी एकदा रचनेत जाऊन बसतोय असं झालेलं असतं. जो गुण कामाचा तोच दुखणं. सगळ्या विषयाचं मूळ हे एवढंच आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लॅब नको, लिमलेटची गोळी बघा. साखरेचा पाक कडक करून पटकन थंड केला की साखरेच्या रेणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही, काच होते, पारदर्शक. तीच गोळी जुलैमध्ये कागद सैल करून ठेवा. आधी चिकट होते, कागद सुटत नाही. मग काही दिवसांनी वरून पांढरट, भुसभुशीत होते. ते पांढरं म्हणजे परत साखर, स्फटिक झालेली. बरणी उघडी राहिली की चिक्की सादळते तिथेही सुरुवात अशीच, दाताला कडकड लागायची ती चिवट होते.

चिवट का होते, तर इथे तो प्रसिद्ध आकडा येतो, ज्याला लॅबमध्ये सगळे नुसतं 'टीजी' म्हणतात. ग्लास ट्रान्झिशन टेंपरेचर. या तापमानाच्या खाली काच कडक, रेणू जागच्या जागी खिळलेले. त्याच्या वर गेलं की तीच काच आतून मऊ पडते, रेणू सरकायला लागतात. हे वितळणं नव्हे बरं का. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं ते २४-२५ अंशांच्या खाली, ते खरं थिजणं, आणि परत ऊन दाखवलं की वितळणं. टीजीला असं काही धपकन होत नाही, नुसता आखडलेला माणूस हातपाय मोकळे करायला लागतो तसं. पण हातपाय मोकळे झाले की रेणू रांग शोधणार आणि स्फटिक व्हायचा रस्ता उघडणार.

कोरड्या साखरेच्या काचेचा टीजी ६०-७० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे मालवणच्या ३०-३२ अंशांत लिमलेट आरामात कडक राहायला पाहिजे. राहत नाही कारण हवेतलं पाणी आत शिरतं. पाण्याचा स्वतःचा टीजी शून्याखाली १३५ अंशांच्याही पलीकडे, आणि दोन गोष्टी मिसळल्या की टीजी मधे कुठेतरी येऊन बसतो, पण पाणी इतकं खाली ओढतं की साखरेत पाच टक्क्यांच्या आत पाणी गेलं तरी टीजी घरातल्या तापमानाला येऊन टेकतो. अमॉर्फस औषधांना ढोबळ हिशेब असा लावतात की एक टक्का पाणी शिरलं की टीजी दहा-एक अंश खाली. तापमान वाढलंच नाही, टीजीच खाली उतरला. भरती आली म्हणून होडी तरंगली की किनारा खचला म्हणून, होडी तरंगलीच ना.

आता माझी फजिती. प्रोजेक्टला माझ्याकडे इंडोमेथासिन होतं, सूज-दुखण्याचं जुनं औषध, अमॉर्फसवाल्यांचं तर लाडकं, जगभरात यावर इतकं काम झालंय की विचारू नका. ते १६० अंशांच्या जरा वर नेऊन वितळवायचं आणि झटकन थंड करायचं, की सुंदर पिवळी पारदर्शक काच मिळते. कोरड्या काचेचा टीजी ४२ अंश. मी अशा काचेची पावडर करून छोट्या बाटल्यांत भरून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल आत येऊ न देणाऱ्या झाकणाच्या भांड्यात ठेवली, खाली ओल शोषणारी निळी सिलिका जेल, आणि चतुर्थीला गावी आलो. घरी गणपती म्हटल्यावर दीड दिवसाचे पाच दिवस झाले. परत गेलो तर निळी सिलिका गुलाबी, म्हणजे ओल पिऊन बसलेली! डेसिकेटरच्या झाकणाला ग्रीस नीट लागलं नव्हतं, एका बाजूने हवा जात होती, वर बाहेर धो धो पाऊस आणि लाइटचा खेळखंडोबा, त्यामुळे लॅबचा एसी पण बंदच होता म्हणे. बाटल्यांतली पिवळी पावडर फिकट पडून पांढरट झालेली, कडेला ढेकळं. सर काहीच बोलले नाहीत, नुसतं म्हणाले एक्सआरडी काढून आण.

एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण टाकून येणारा आलेख. स्फटिक असेल तर त्यात उंच, बारीक, सरळ उभे सुळके दिसतात, मिरकरवाड्याच्या बंदरात पावसाळ्यात सगळे ट्रॉलर लागलेले असताना काठ्या दिसतात ना ओळीने, तसे. अमॉर्फस असेल तर एकच बसकी टेकडी, सड्यासारखी. माझ्या आलेखात टेकडी होती आणि टेकडीतून काठ्या वर आलेल्या होत्या. तीन आठवड्यांचं काम गेलं.

तेव्हा डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. टीजीच्या खाली ठेवलं म्हणजे झालं असं नाही. टीजीच्या खालीही रेणू पूर्ण गोठलेले नसतात, हळूहळू सरकत असतात, आणि औषधाला तर दोन-तीन वर्षं टिकायचंय. म्हणून १९९५ च्या सुमारापासून एक अंगठानियम चालतो, की अमॉर्फस औषध त्याच्या टीजीच्या निदान ५० अंश खाली ठेवा. इंडोमेथासिनचा ४२, त्यातून ५० गेले, म्हणजे उणे ८! घरचा फ्रिजसुद्धा पुरा पडत नाही. इट्राकोनॅझोलचा टीजी ५९ च्या आसपास, त्यातून ५० गेले तर ९ अंश, म्हणजे आमच्या दुकानाच्या फळीवर नुसतं शुद्ध अमॉर्फस इट्राकोनॅझोल ठेवणं म्हणजे देवाच्या भरवशावर. (नियम ढोबळच आहे, काही काचा त्याहून वर ठेवूनही वर्षानुवर्षं टिकतात आणि काही आठवड्यात माना टाकतात.)

स्फटिक होण्याचेही दोन टप्पे असतात आणि ते वेगवेगळ्या तापमानाला जोरात असतात, ही गंमत फार कमी लोकांना माहीत असते. आधी बीज पडतं, म्हणजे थोडे रेणू योगायोगाने नीट रचले जातात. मग त्या बीजावर बाकीचे येऊन बसतात, ती वाढ. बीज पडायला साधारण कमी तापमान मानवतं, टीजीच्या आसपास, आणि वाढीला त्याहून बरंच जास्त. म्हणजे एखादं औषध काही काळ गारव्यात राहिलं तर वरून काही दिसणार नाही पण आत बीजं तयार, आणि नंतर ते गरम जागी आलं की ती सगळी बीजं एकदम वाढीला लागतात. विरजणाचा कारभार. चमचाभर दही पुरतं, अख्खं पातेलं लागतं.

विरजणावरून रिटोनाविरची गोष्ट सांगायलाच पाहिजे, जरी तिथला घोळ अमॉर्फसचा नसून स्फटिकाचाच होता. एचआयव्हीचं हे औषध अॅबट कंपनीने १९९६ साली बाजारात आणलं, नॉर्विर नावाने, कॅप्सुलीत औषध द्रावणाच्या रूपात. १९९८ मध्ये कॅप्सुली विरघळण्याच्या चाचणीत नापास व्हायला लागल्या, बघतात तर आत कधीच न पाहिलेला नवीन स्फटिक, जुन्यापेक्षा जास्त स्थिर आणि म्हणून कमी विरघळणारा. एकदा तो आला की जुना प्रकार बनवणंच अवघड झालं, कारण हवेतल्या धुळीइतकं त्याचं बीजही पुरत होतं. कॅप्सुली बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. नंतर फ्रिजमध्ये ठेवायच्या कॅप्सुली आल्या, आणि मग २००५ मध्ये रिटोनाविर आणि लोपिनाविर एकत्र असलेली गोळी, जी फ्रिजशिवाय राहते. ती गोळी अमॉर्फस आहे! औषध पॉलिमरसोबत गरम करून, शेवेच्या सोऱ्यातून शेव पाडावी तसं मशीनमधून दाबून बाहेर काढलेलं. जिथे दिवसातून चारदा लाइट जाते तिथल्या पेशंटला फ्रिज लागत नाही म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही कदाचित.

म्हणजे सगळी मदार पॉलिमरवर. ते करतं काय? पाकात लिंबू पिळतो आपण, पाक साखरू नये म्हणून. लिंबाच्या आम्लाने थोड्या साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि हे उपरे रेणू साखरेच्या रांगेत मधेमधे येऊन रांग मोडतात. पॉलिमरही रांग मोडतं, लांबच लांब साखळ्या, त्यात औषधाचे रेणू अडकून पडलेले, काही तर हायड्रोजन बंधाने साखळीला धरून बसलेले. पण फरक आहे. लिंबाने पाक साखरत नाही तरी चिकट होतो, कारण ते उपरे स्वतः मऊ. पॉलिमरचा टीजी मात्र उंच असतो, पीव्हीपी नावाच्या पॉलिमरचा तर दीडशेच्या वर, त्यामुळे मिश्रणाचाही टीजी वर चढतो आणि सगळं आणखी घट्ट होतं.

एकच गोची, पीव्हीपी स्वतः पाणी पितं. नुसतं पितं नाही, ढोसतं. म्हणजे ज्याला राखण करायला ठेवलं त्यानेच दार उघडून द्यायचं. एचपीएमसी त्या मानाने बरं, आणि एचपीएमसी-एएस म्हणून त्याचा भाऊ आहे तो आणखी कमी पाणी घेतो. शिवाय पाणी आलं की काही वेळा औषध आणि पॉलिमर एकमेकांपासून फुटतात, औषध एकीकडे जमा होतं, आणि मग पॉलिमर शेजारी असून उपयोग शून्य.

पॉलिमरचं दुसरं काम पोटात गेल्यावर. अमॉर्फस औषध पोटात भसाभसा विरघळतं, इतकं की पाण्याच्या कुवतीपेक्षा जास्त होऊन बसतं, आणि जास्तीचं झालं की परत स्फटिक बनून खाली बसायला बघतं. तिथे विरघळलेलं पॉलिमर त्याला अर्धा-एक तास, जमलं तर जास्त, धरून ठेवतं, तेवढ्यात आतड्याने ओढून घेतलं की काम झालं. हे काही आत्ताचं ज्ञान नाही. १९६० सालीच नोव्होबायोसिन या अँटिबायोटिकवर दिसलं होतं की अमॉर्फस प्रकार स्फटिकापेक्षा साधारण दहापट विरघळतो, स्फटिक पोटातून शोषलाच जात नाही, आणि बाटलीतल्या पातळ औषधात अमॉर्फसचा हळूहळू स्फटिक होतो. तेव्हाही उपाय म्हणून मिथाइल सेल्युलोज घातलं होतं. इन्सुलिनवाल्यांनी तर हाच फरक कामाला लावला, जुन्या लेन्टे इन्सुलिनमध्ये तीन भाग अमॉर्फस, लवकर असर करणारं, आणि सात भाग स्फटिक, सावकाश चालणारं.

सुरुवात बहुतेक वेळा पृष्ठभागावर होते, कारण वरच्या रेणूंना एका बाजूने शेजारीच नसतो, ते मोकळे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात २००७ मध्ये इंडोमेथासिनच्या काचेवर काही नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा मुलामा दिला तर वरून होणारं स्फटिकीकरण थांबलं. सोनं! पॉलिमरच्या तशाच पातळ थरानेही जमलं, त्यामुळे घाबरू नका, गोळ्या तोळ्यावर विकायची वेळ येणार नाही. पण पावडर जितकी बारीक तितका पृष्ठभाग जास्त, आणि मी ती काच खलात चांगली बारीक कुटली होती, हे मला नंतर उमगलं. हौसेने कुटली होती.

आणि एकदा एका कोपऱ्यात सुरू झालं की साखळी लागते. साखरेची काच स्फटिक होताना शोषलेलं पाणी बाहेर टाकते, कारण साखरेच्या स्फटिकात पाण्याला जागा नाही. ते पाणी शेजारच्या काचेत शिरतं, तिचा टीजी उतरतो, मग तीही जाते. लिमलेटची बरणी एकदा बिघडायला लागली की सगळी बिघडते ती म्हणून.

आता कुणी म्हणेल कंपन्या टेस्ट करतात ना. करतात, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात सहा महिने, आणि शिवाय साध्या तापमानाला पूर्ण मुदतभर. पण ती सगळी टेस्ट पाकिटासकट असते! गोळीवर छापलेली एक्स्पायरी ही त्या पाकिटातल्या गोळीची एक्स्पायरी आहे, सुट्या गोळीची नाही. पाकिटातही प्रकार असतात. पारदर्शक प्लॅस्टिकच्या कप्प्यातून ओल हळूहळू का होईना आत जाते. दोन्ही बाजूंनी जाड चंदेरी असतं, ज्याला आम्ही अॅलू-अॅलू म्हणतो, त्यातून जवळपास जातच नाही. सेफ्युरोक्झिम अॅक्सेटिल नावाचं अँटिबायोटिक बहुतेक अमॉर्फस रूपातच येतं, ते बघा, बहुतेक वेळा तसल्या चंदेरी पाकिटात मिळेल. गिऱ्हाईक म्हणतं गोळी दिसत नाही, फोडून दाखव. कशी दाखवू!

सगळ्या गोळ्या अशा नसतात हेही सांगतो, नाहीतर उद्या पॅरासिटामॉलला घाबराल. बहुतेक औषधं स्फटिकच असतात आणि बरीच निवांत राहतात. पण कुठली अमॉर्फस आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे घरी ओळखायला मार्ग नाही. बिघडलेली गोळी दिसायलाही तशीच असते, वास येत नाही, रंग बदलेलच असं नाही, औषधही तेवढंच असतं, १०० मिलिग्रॅमच्या १०० मिलिग्रॅम. फक्त विरघळत नाही. खाज जात नाही, पेशंट म्हणतो डॉक्टर बदलू या.

काकी दोन दिवसांनी परत आल्या, यावेळी स्टीलची डबी घेऊन, सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या गोळ्या पाकिटातून सोलून एकत्र भरलेल्या, बीपीची, शुगरची, आणि तो साबुदाणा पण. "पाकिटा लय जागा खातत रे," म्हणाल्या. डबी कुठे ठेवता विचारलं तर चुलीच्या वरच्या फळीवर, कोरडं राहतं म्हणून. भाताच्या वाफेत! मी त्यांना लिमलेटचं सगळं सांगितलं, बरणीतली एक चिकटलेली गोळी काढून दाखवली पण. त्यांनी ती तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "गोडच तर आसा."

इट्राकोनॅझोलचं नवीन पाकीट दिलं, कात्रीने कापून सात कॅप्सुली. पूर्वी मी घाईत कशीही कात्री चालवायचो, आता दोन कप्प्यांच्या बरोबर मधून नेतो, कारण कडेची शिवण उसवली की पाकीट असून नसल्यासारखं. आठव्या कप्प्याला जरा कात्री लागलीच. तो मी बाजूला काढून ठेवला.